घाशीराम मेला, नाना उरले

भ्रष्ट पोलिसाच्या अधोगतीचा सिनेमा म्हटलं की तुम्हाला एखादी वेब सिरीज आठवेल. मला १९७६चा ‘घाशीराम कोतवाल’ आठवतो. ऐन आणीबाणीत आलेला, ओम पुरी यांचा अगदी सुरुवातीचा सिनेमा. तेंडुलकरांचं मूळ नाटक १९७२चं. त्यात घाशीराम पोटची मुलगी नाना फडणवीसांच्या हवाली करतो आणि बदल्यात पुण्याची कोतवाली मिळवतो. हा सौदा नाटकातला. कोतवाल मात्र खरा होता.

घाशीराम सावळादास १७७७मध्ये कोतवाल झाला. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर दिसणाऱ्याला पकडायचं, बाजारभावावर नजर ठेवायची, दंड वसूल करायचा ही त्याची कामं. दंडाचा पैसा सरकारात जमा होई. कोतवाल जितका कडक, तितकी वसुली जास्त. मग त्याला आवरणार कोण? चौदा वर्षं कुणी आवरलं नाही.

ऑगस्ट १७९१मध्ये त्याने तेलंगी ब्राह्मणांना पकडून एका कोंदट जागेत डांबलं. त्यातले वीसेक जण गुदमरून मेले. पुण्यातले ब्राह्मण खवळले. नानांनी आपला माणूस जमावाच्या हाती दिला. धिंड निघाली आणि दगडांनी ठेचून घाशीराम मारला गेला. लोक याला न्याय म्हणतात. मला तो हिशेब अर्धाच वाटतो, कारण कोतवाल गेला तरी कारभार नानांकडेच राहिला.

पुढचा भाग आमच्या जुन्नरचा. राघोबादादांचे मुलगे, त्यांत पुढे पेशवा झालेला दुसरा बाजीराव, शिवनेरीवर नजरकैदेत होते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते राघोबांचे मुलगे होते. तरुण सवाई माधवराव आणि बाजीराव यांच्यात गुपचूप पत्रं जायला लागली. ती नानांच्या हाती लागली आणि पहारा वाढला. गडावर जाणारी मुलं शिवजन्माच्या खोलीत सेल्फी काढतात (काढावेच), पण या कैदेबद्दल गाईड क्वचितच बोलतो.

भीमाशंकरच्या वाटेवर नाना वेगळे भेटतात. मंचर-घोडेगाववरून भीमाशंकरला गेलात की देवळाच्या शिखराकडे बोट दाखवून कुणीतरी सांगतंच, हे नाना फडणवीसांनी बांधलं. लोक हात जोडतात आणि रांगेत पुढे सरकतात.