फरारी माणसाचे कागद कसे वाचायचे?

संशोधनाला बसण्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारून बघा. इतिहासातल्या एखाद्या फरारी माणसाची माहिती आपल्यापर्यंत कुणी पोचवली? बहुतेक वेळा त्याला पकडायला निघालेल्यांनीच.

उमाजी नाईकांचं उदाहरण घेऊ. ते पुरंदरजवळच्या भिवडीचे रामोशी. किल्ल्याची राखण हे रामोशांचं पिढीजात काम. १८१८ मध्ये पेशवाई गेली, कंपनी सरकार आलं आणि ती राखण व तिचे हक्कही गेले. उमाजींविषयीचा सविस्तर वृत्तान्त मिळतो तो कॅप्टन मॅकिन्टॉश यांच्या १८३३ च्या पुस्तकात. त्यांचा पाठलाग करणारा अधिकारी हाच! मग हे पुस्तक बाजूला ठेवायचं का? अजिबात नाही. फक्त दोन गोष्टी तपासत वाचायचं.

पहिली गोष्ट, बक्षिसाची रक्कम. १८३१ मध्ये सरकारने उमाजींसाठी १०,००० रुपये आणि ४०० बिघे जमीन जाहीर केली. आपण हा आकडा ‘माणूस किती धोकादायक’ असा वाचतो. पण एवढं मोठं बक्षीस लावावं लागलं, म्हणजे गावं तोंड उघडत नव्हती, असंही त्यातून दिसतं. ती गप्प होती ती आपुलकीने की धाकाने? हे आकडा सांगत नाही. त्यासाठी दुसरा पुरावा शोधावाच लागतो.

दुसरी गोष्ट, ‘दरोडेखोर’ हा शब्द. याच सरकारने मधल्या काळात उमाजींना माफी देऊन बंदोबस्ताच्या कामावर नेमलं होतं. पुढे पुन्हा ते फरारी ठरले. म्हणजे शब्द टिपताना त्या कागदाची तारीख आणि लिहिणारा कोण, हेही टिपा.

एवढी काळजी कशाला, असं वाटेल. १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा आठवा. १९११ मध्ये तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानासाठी झाला. त्यात माणसाने काय केलं यापेक्षा तो कुठल्या जमातीत जन्मला, हे बघितलं गेलं. १९५२ मध्ये कायदा गेला. पण आजही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत रामोशी आहेत.

तेव्हा तुमच्या प्रबंधात ‘दरोडेखोर’ लिहायची वेळ आली, तर तो शब्द कुणाचा आहे हे त्याच वाक्यात सांगा. तळटीपेवर ढकलू नका. तळटीप फार थोडे लोक वाचतात.