प्लीहेवरच्या गाठी आणि मूलपेशीची ओळख

माणसाच्या शरीरात दर सेकंदाला सुमारे २० लाख तांबड्या रक्तपेशी नव्याने तयार होतात आणि जवळपास तितक्याच नष्ट होतात. तांबड्या पेशीचे आयुष्य साधारण १२० दिवसांचे असते. तिला केंद्रक नसल्यामुळे ती विभाजित होऊ शकत नाही. मग हा पुरवठा आयुष्यभर टिकतो कसा? अस्थिमज्जेत रक्ताची ‘मूलपेशी’, म्हणजेच स्टेम सेल, असावी ही कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीही होती. मात्र सूक्ष्मदर्शकाखाली ती निश्चितपणे ओळखता येत नव्हती. तिचा पुरावा टोरांटोत मिळाला, आणि तोही वेगळ्याच प्रश्नाचा शोध घेताना.

ओंटारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये जेम्स टिल हे जीवभौतिकशास्त्रज्ञ आणि अर्नेस्ट मॅक्‌कुलॉक हे वैद्यक एकत्र काम करत होते. अस्थिमज्जेच्या पेशी किती किरणोत्सर्ग सहन करतात, हे त्यांना मोजायचे होते. उंदरांना प्राणघातक मात्रा देऊन त्यांची स्वतःची रक्तनिर्मिती थांबवली जाई आणि मग निरोगी उंदराच्या मज्जापेशी मोजून टोचल्या जात. सुमारे दहा दिवसांनी या उंदरांच्या प्लीहेवर लहान लहान गाठी दिसल्या. टोचलेल्या पेशींची संख्या आणि गाठींची संख्या यांचा आलेख सरळ रेषेत आला. साधारण १०,००० पेशींमागे एक गाठ असे ते प्रमाण होते.

ही सरळ रेषा महत्त्वाची होती. दोन पेशी एकत्र येऊनच गाठ बनत असती, तर टोचलेल्या पेशी दुप्पट केल्यावर गाठी सुमारे चौपट व्हायला हव्या होत्या. तसे झाले नाही. म्हणजे प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढली असावी. हे काम १९६१ साली प्रसिद्ध झाले.

तरीही हे अनुमानच होते. १९६३ साली अँड्र्यू बेकर यांच्यासह या दोघांनी ते तपासले. किरणांनी काही पेशींतील गुणसूत्रे तुटून वेडीवाकडी जुळतात आणि अशी प्रत्येक खूण सहसा एकमेव असते. ज्या गाठींत अशी खूण सापडली, तेथील विभाजित होणाऱ्या बहुतेक सर्व पेशींवर तीच खूण होती. गाठींमध्ये मात्र अनेक प्रकारच्या रक्तपेशी घडत होत्या. एकाच पेशीची ही विविध संतती होती.

उरला स्व-नूतनीकरणाचा प्रश्न. लुई सिमिनोविच यांच्यासह त्यांनी एकेक गाठ विलग करून तिच्या पेशी नव्या उंदरांना टोचल्या, तेव्हा पुन्हा गाठी उमटल्या. मूळ पेशीने रक्तपेशी घडवतानाच स्वतःसारख्या पेशीही निर्माण केल्या होत्या. परंतु काही गाठींतून अशा पेशी मोजक्याच मिळाल्या, तर काहींतून पुष्कळ. १९६४ साली त्यांनी याचे स्पष्टीकरण संभाव्यतेच्या गणिताने दिले. विभाजनानंतर पेशी मूलपेशीच राहील की विशेषीकरणाच्या वाटेने जाईल, हे एका पेशीबाबत सांगता येत नाही. समूहाची वाटचाल मात्र मांडता येते. किरणोत्सारी अणुकेंद्रांच्या क्षयाचे गणितही याच जातीचे आहे.

पुढे या चित्रात दुरुस्ती झाली. गाठी बनवणाऱ्या पेशींची नूतनीकरणक्षमता मज्जेतील खऱ्या मूलपेशींहून कमी आढळली. त्यावर रे स्कोफिल्ड यांनी १९७८ साली असा विचार मांडला की, मूलपेशीचे मूलपेशीपण ती ज्या जागी वसते त्या परिसरावरही अवलंबून असते. त्या जागेबाहेर पडलेली पेशी विशेषीकरणाकडे झुकते.

भारतात या ज्ञानाचा उपयोग दोन ठिकाणी स्पष्ट दिसतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८३ साली अस्थिमज्जा प्रत्यारोपण झाले. देशातील ते पहिले मानले जाते. दुसरे उदाहरण हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेचे. डोळ्याच्या पारपटलाच्या कडेवर, लिंबस या भागात, त्याचे बाह्य आवरण सतत नवे ठेवणाऱ्या मूलपेशी असतात. चुना किंवा आम्ल डोळ्यात गेल्यास त्या नष्ट होतात आणि दृष्टी झाकोळते. वीरेंद्र संगवान आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली मांडलेल्या पद्धतीत निरोगी डोळ्याच्या कडेवरील सुमारे २ मिलिमीटर लांबी-रुंदीचा तुकडा घेऊन त्याचे बारीक भाग इजा झालेल्या डोळ्यावर बसवतात. पेशी वाढवायला वेगळी प्रयोगशाळा लागत नाही.

आज ‘स्टेम सेल’ या नावाने अनेक दुर्धर आजारांवर महागडे उपचार विकले जातात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २००७ च्या मार्गदर्शक तत्त्वांच्या शीर्षकात ‘संशोधन आणि उपचार’ असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीतून ‘उपचार’ हा शब्द वगळण्यात आला. २०१७ च्या आवृत्तीनुसार रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचे प्रत्यारोपण सोडता अन्य मूलपेशी-उपचारांना नित्य व्यवहारात मान्यता नव्हती. त्यांची आधी रीतसर चाचणी व्हायला हवी होती. टोरांटोच्या उंदरांनी घालून दिलेली कसोटीही हीच होती. टोचलेली पेशी शरीरात टिकली का, तिने योग्य पेशी घडवल्या का आणि स्वतःसारखी पेशी मागे ठेवली का? या तीन प्रश्नांची मोजलेली उत्तरे नसतील, तर कुपीवरील ‘मूलपेशी’ या नावाने रुग्णाच्या हाती काही पडत नाही.