समूहगायन आणि स्वरलिपि

मुरबाड-शहापूरकडील खेड्यांत रात्रीं भजनाला बसलेल्या मंडळींपुढें सुरांचा कागद नसतो. बुवांनीं पेटीवर सूर धरावा, पखवाजावर थाप पडावी, चरण त्यांनीं एकदां म्हणावा आणि पंधरा-वीस गळ्यांनीं तो टाळांच्या ठेक्यावर उचलून घ्यावा, ही तेथील रीत. चाल एका पिढीकडून दुसरीकडे जाते ती कानांवाटें. चुकलेला सूर शेजारच्याच्या सुरांत आपोआप मिळून जातो, आणि वर्षानुवर्षें एकत्र बसणाऱ्या माणसांना याहून अधिक साधनाची गरज भासत नाहीं.

शाळेंतील गायनशिक्षकाची अडचण निराळी. त्याच्यासमोर चाळीस मुलें, हातीं आठवड्याचा एखादा तास, आणि वर्ष संपलें कीं मुलेंही बदललीं. ज्यानें चाल बसविली तो शिक्षक दुसऱ्या गांवीं गेला कीं चालही त्याच्याबरोबर गेली! युरोपांतील चर्चच्या गायनवृंदाला लिहिलेल्या सुरांची सोय कित्येक शतकें होती; पोर्तुगीज अमलांत गोव्याच्या चर्चच्या शाळांतही मुलें स्वर वाचून गावयास शिकत. हिंदुस्थानी संगीतांत मात्र विद्या गुरूच्या मुखांत आणि बहुधा त्याच्या घराण्याच्या कुलुपांत असे.

हें कुलूप एका दिवसांत उघडलें नाहीं. पुण्यास १८७४ सालीं गायन समाज स्थापन झाला. बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या आश्रयानें मौलाबक्ष यांनीं १८८६ सालीं गायनशाळा काढिली व आपल्या स्वरलिपींत पुस्तकें छापविलीं. परंतु शिक्षकांची पिढीच तयार करावयाची हा ध्यास घेतला तो विष्णु दिगंबर पलुस्कर यांनीं. कुरुंदवाडास १८७२ सालीं जन्मलेल्या आणि मिरजेस बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशीं शिकलेल्या या गायकानें ५ मे १९०१ रोजीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय उघडलें. तेथील उपदेशक वर्गांतील विद्यार्थी नऊ वर्षें राहण्याच्या कराराने येत आणि त्यांच्या अन्नवस्त्राचा भार बुवा वाहत. स्वरलिपीचीं पुस्तकें निघावीं म्हणून त्यांनीं स्वतःचा छापखाना घातला. १९०८ सालीं मुंबईस शाखा झाली. तिच्या इमारतीचें कर्ज फिटेना आणि ती अखेर हातची गेली. शिष्य मात्र राहिले. विनायकराव पटवर्धनांचें ‘रागविज्ञान’ व प्रो. देवधरांचें ‘रागबोध’ हीं शिक्षकांच्या नित्य उपयोगाचीं पुस्तकें त्यांतूनच निपजलीं.

याच काळांत मुंबईचे वकील विष्णु नारायण भातखंडे गांवोगांव हिंडत होते. रामपूर, जयपूर, ग्वाल्हेर येथील उस्तादांकडून त्यांनीं चिजा मिळविल्या, त्या मराठींतील ‘क्रमिक पुस्तकमालिके’च्या सहा भागांत स्वरतालासह छापल्या आणि रागांची मांडणी दहा थाटांत केली. घराण्याबाहेर ज्या चिजा ऐकावयास मिळणें दुर्लभ, त्या पुस्तकाची किंमत भरणाऱ्या कोणालाही मिळूं लागल्या. याचा कित्येक गवयांना राग आला, तो अगदींच अकारण होता असें म्हणतां येणार नाहीं; चीज हीच त्यांची ठेव आणि मुलाबाळांची भाकर होती.

दोघांच्या कार्यानें एक पेंचही निर्माण झाला. भातखंड्यांच्या लिपींत स्वरावर बिंदु असला कीं तो तारसप्तकांतील, आणि बिंदु खालीं असला कीं मंद्रांतील. पलुस्करांच्या लिपींत वरचा बिंदु मंद्राचा. तारस्वरावर उभी रेघ! तीच उभी रेघ भातखंडे तीव्र मध्यमावर देतात. पलुस्करांनीं मात्रेचा अर्धा-पाव हिस्साही प्रत्येक स्वराखालीं खुणेनें दाखविला. भातखंड्यांनीं एका मात्रेंतील स्वर खालच्या कमानींत बांधले. पहिली लिपि अधिक बारीक, दुसरी शिकावयास सोपी. दुसरीचा प्रसार अधिक झाला तो या सोपेपणामुळेंच. एका लिपींत शिकलेल्या शिक्षकानें दुसरीचें पुस्तक वर्गांत उघडलें, तर ज्या ठिकाणीं गळा खालीं उतरावयाचा तेथें चाळीस मुलें एकदम वर चढणार!

मींड आणि आंदोलन पुरतेंपणीं कागदावर उतरत नाहींत, हें खरेंच. पण समूहगायनांत बारीक गळाकारीला वाव थोडा, म्हणून ही उणीव तेथें फारशी जाचत नाहीं. जाचतो तो षड्जाचा प्रश्न. लिपींतील ‘सा’ कोणत्याही पट्टीचा असूं शकतो. पुरुष काळी एक-दोनमध्यें गाणार, मुली काळी चार-पांचमध्यें. दोघांना एकत्र उभें केलें तर कोणाचा तरी गळा ताणला जातो. अशा वर्गांत शिक्षकाला आधार पेटीचाच. तिच्या ठराविक सुरांत श्रुति सांपडत नाहींत, मींड निघत नाहीं, असे आक्षेप घेऊन नभोवाणीनें १९४० सालीं तिला मज्जाव केला. तो १९७१ सालीं सैल होऊं लागला. तोंपर्यंत शाळेच्या वर्गांतून आणि भजनी मंडळ्यांतून ती वाजतच होती.