गंज उतरवायचा दिवस

फरीदाबादेत हत्यारांच्या पूजेचे दिवस दोन. फाळणीनंतर वायव्य सरहद्द प्रांतातून आलेल्या निर्वासितांसाठी १९४९ पासून इथे नवे औद्योगिक नगर उभे राहिले. इथल्या कारखान्यांत पंजाब-हरियाणाच्या रीतीने दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा होते, तर बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातल्या कामगारांची पूजा १७ सप्टेंबरला. आपल्याकडे हाच मान खंडेनवमीचा. तिथ्या वेगळ्या असल्या तरी पूजेआधीचे काम एकच: पाने, हातोडे, पटाशा, कानशी गोळा करायच्या, घासायच्या आणि तेलाचा हात फिरवायचा. या प्रथेचा गाभा मला या घासण्यातच दिसतो. लोखंडाचा गंज सच्छिद्र असतो. तो ओल धरून ठेवतो आणि खालचे लोखंड खात जातो. तो रॉकेलमध्ये भिजवून, विटेच्या भुकटीने किंवा पॉलिश पेपरने वेळीच उतरवला नाही, तर पटाशीच्या धारेला खड्डे पडतात. कानस मात्र तारेच्या ब्रशने दातांच्या रेघेरेघेनेच साफ करावी लागते. हे काम घाईचे नाही, आणि रोजच्या कामाच्या धबडग्यात त्याला वेळ मिळत नाही.

पावसाळा सरला म्हणून हे दिवस ठरले, असे सांगणे सोपे आहे. पण ते पुरते खरे नाही. १७ सप्टेंबरला बंगाल-बिहारात पाऊस असतोच; ती तारीख पावसाने नव्हे, कन्या संक्रांतीने ठरते. खंडेनवमीची शस्त्रे तर सीमोल्लंघनाची, हाही आक्षेप रास्त आहे. पण माझा आधार तिथीचा नाही. त्या दिवशी हत्यार चालवायचे नाही, हा नियम मला निर्णायक वाटतो. एरवी मालक काम थांबवू देणार नाही आणि कारागिराला थांबणे परवडणार नाही. देवाच्या नावाने दोघेही थांबतात.

कोणी जवळच्याच मेहरौलीच्या लोहस्तंभाकडे बोट दाखवील: सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभा, तरी गंजून गेला नाही. पण त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे, त्यामुळे पृष्ठभागावर संरक्षक थर धरला. तेवढ्या फॉस्फरसने पोलाद ठिसूळ होते. तशी पटाशी पहिल्या घावातच तुटायची. धारेच्या हत्याराला माणसाचा हातच लागतो. पूजेतही हे भान ठेवावे लागते: उघड्या लोखंडावर ओले कुंकू लावले तर सकाळपर्यंत तिथेच तांबूस डाग धरतो, म्हणून आधी तेल आणि मग कुंकू.