विठाबाई नारायणगावकर : फडावरचे एक मानी आयुष्य

डोकमर्डीच्या आणि सिल्वासाच्या परिसरातील वारली पाड्यांवर भाताचे पीक हाती आले, की तारप्याचा सूर घुमू लागतो. वादकाच्या भोवती स्त्रिया आणि पुरुष एकमेकांच्या कमरेस हात गुंफून फेर धरतात. त्या फेरात नाचणाऱ्या स्त्रीला कोणी नावे ठेवीत नाही, कारण तेथे सारा पाडाच नाचत असतो. परंतु तीच स्त्री पायांत घुंगरू बांधून, पैसे मोजून आलेल्या प्रेक्षकांपुढे एकटी उभी राहिली, की समाजाची दृष्टी पालटते. तो तिला टाळ्या देतो, पैसे देतो. मान तेवढा हातचा राखून ठेवतो. महाराष्ट्राच्या तमाशाचा इतिहास या राखून ठेवलेल्या मानाचा इतिहास आहे, आणि विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे चरित्र हे त्यातील सर्वांत बोलके प्रकरण होय.

पूर्वी तमाशाच्या फडावर स्त्री नव्हतीच. गण, गौळण, बतावणी आणि वग या साऱ्यांत स्त्रीची भूमिका नाच्या पोऱ्या करीत असे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून स्त्रिया फडावर येऊ लागल्या. त्यांत संगमनेर तालुक्यातील हिवरगावच्या पवळाबाईंचे नाव अग्रभागी घेतले जाते. वाळवे तालुक्यातील रेठरे हरणाक्षचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजेच शाहीर पठ्ठे बापूराव, यांची कवने आणि पवळाबाईंची अदाकारी यांनी मुंबईचे कामगार आणि खेड्यापाड्यांतील शेतकरी वेडे करून सोडले. ब्राह्मण शाहीर आणि महार नर्तकी यांची ही जोडी पुढे दंतकथेसारखी झाली. तथापि डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अशा खेळांच्या उत्पन्नातून येणारे साहाय्य चळवळीसाठी नाकारले. आपल्या समाजाच्या स्त्रियांनी लोकांपुढे नाचून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. कलेचे कौतुक आणि कलावतीची प्रतिष्ठा या दोन गोष्टी एक नव्हेत, हे त्यांनी नेमके ओळखले होते.

विठाबाईंचा जन्म १९३५ साली पंढरपूर येथे झाला. तमाशा त्यांच्या घरातच होता. आजोबा नारायण खुडे यांनी फड उभा केला. पुढे वडील भाऊ आणि चुलते बापू यांच्या नावाने तो 'भाऊ-बापू मांग नारायणगावकर' म्हणून गाजला. लहान वयातच विठाबाई ढोलकी-हलगीच्या तालावर उभ्या राहिल्या. लावणी, गवळण आणि वगातील भूमिका यांचे शिक्षण त्यांना कोणत्या शाळेत मिळाले नाही. जत्रांच्या माळावर, रात्ररात्र जागणाऱ्या प्रेक्षकांसमोर ते मिळाले.

तो काळ तमाशाला अनुकूल नव्हता. स्वातंत्र्यानंतर लवकरच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या आरोपावरून तमाशावर बंदी आणली. पुढे ती उठली, पण संहिता आधी तपासून घ्यावी लागू लागली. या कसोटीतून जे फड तरले, त्यांत नारायणगावकरांचा होता. १९५७ साली राष्ट्रपतींच्या हस्ते विठाबाईंचा गौरव झाला, तेव्हा त्यांचे वय अवघे बावीस वर्षांचे होते. १९९० साली तसाच मान त्यांना पुन्हा लाभला.

कालांतराने त्या स्वतःच्या फडाच्या मालकीण झाल्या. फडाची मालकी म्हणजे केवळ नाव नव्हे. ढोलकीवाले, सोंगाडे, नर्तकी, तंबू उभारणारे मजूर, अशा साऱ्यांच्या पोटाची जबाबदारी असते. पुणे-नाशिक रस्त्यावरील नारायणगावी गुढीपाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावचे पुढारी तेथे येऊन आपल्या जत्रेची सुपारी देतात, आणि त्या सौद्यावर फडाचे वर्ष अवलंबून असते. पुरुषांच्या या बाजारात एका मातंग स्त्रीने आपल्या नावावर फड चालविला. तिच्या फलकावर नवऱ्याचे नाव नव्हते. वडिलांचे नाव, जात आणि गाव, तिन्ही ठळक अक्षरांत होती. ज्या जातीचा उल्लेख इतरांनी हिणविण्यासाठी करावा, ती त्या फलकावर निर्भयपणे मिरवत होती.

त्यांच्या आयुष्यातील एक प्रसंग महाराष्ट्रात आजही सांगितला जातो. दिवस भरले असताना त्या फडावर नाचत होत्या. कळा सुरू झाल्या तेव्हा त्या पडद्यामागे गेल्या, तेथेच बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा प्रेक्षकांपुढे येऊन उभ्या राहिल्या. हा प्रसंग पुष्कळदा निष्ठेचे उदाहरण म्हणून सांगतात, आणि निष्ठा त्यात आहेच. परंतु श्रोत्यांनी दुसरी बाजूही ध्यानी घ्यावी. पूर्ण दिवसांच्या स्त्रीला त्या रात्री घरी राहता आले नाही. खेळ मोडला असता, तर सुपारीचा पैसा गेला असता आणि फडातील माणसे उपाशी राहिली असती. ज्याला आपण शौर्य म्हणतो, त्याच्या मुळाशी पुष्कळदा निरुपाय असतो.

अखेरची वर्षे हालाखीची गेली. राष्ट्रपतींकडून दोनदा गौरविलेल्या या कलावतीचे १५ जानेवारी २००२ रोजी निधन झाले, तेव्हा रुग्णालयाचा खर्चही देणगीदारांच्या मदतीने भागवावा लागला. पदके भिंतीवर होती; पैसा गाठीस नव्हता.

पुढे महाराष्ट्र शासनाने तमाशाक्षेत्रातील प्रदीर्घ सेवेसाठी त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार सुरू केला. कांताबाई सातारकर आणि विठाबाईंच्या कन्या मंगला बनसोडे या त्याच्या मानकरी ठरल्या. मंगलाबाईंनीही आईप्रमाणेच स्वतःचा फड उभा केला आणि नावारूपास आणला. आईची विद्या मुलीकडे आली, आणि मान या वेळी हयातीतच मिळाला, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि वृद्ध कलावतीच्या औषधपाण्याची सोय एका पुरस्काराने होत नाही. ज्या गावांनी रात्र-रात्र त्यांच्या लावणीवर शिट्ट्या आणि फेटे उडविले, त्या गावांना त्यांच्या म्हातारपणी त्यांची आठवण का होऊ नये? तारप्याच्या फेरात नाचणारी स्त्री म्हातारी झाली, तरी ती त्या पाड्याचीच असते. फडावरच्या स्त्रीलाही असे एखादे गाव आपले म्हणेल, तेव्हाच विठाबाईंचे ऋण थोडेबहुत फिटेल.