बंदुकीचा दस्ता आणि न चिकटणारे प्लॅस्टिक

१९५९ साली अमेरिकेतील रेमिंग्टन कंपनीने ०.२२ कॅलिबरची एक हलकी रायफल बाजारात आणली. तिचे नाव होते ‘नायलॉन ६६’. बंदुकीला प्लॅस्टिकचे नाव देण्यामागे कारण होते. बंदूक खांद्याला टेकवून धरण्यासाठी जो दस्ता असतो, तो तोपर्यंत बहुधा अक्रोडासारख्या लाकडाचा बनवत. या रायफलीचा दस्ता मात्र नायलॉनचा होता. रेमिंग्टन तेव्हा ड्यू पाँट कंपनीच्या ताब्यात होती, आणि ड्यू पाँटच्याच प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोथर्स यांच्या गटाने १९३५ साली नायलॉन ६६ तयार केले होते. ज्या दोन संयुगांपासून ते बनते, त्या प्रत्येकाच्या रेणूत कार्बनचे सहा अणू असतात, म्हणून ‘६६’. दस्त्याचे दोन अर्धे भाग साच्यात घडवून एकमेकांना चिकटवले जात. अशा दहा लाखांहून अधिक रायफली विकल्या गेल्या.

पुढे काही स्वस्त दस्ते काचतंतू मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलिनचेही होऊ लागले. दिसायला दोन्ही सारखेच, काळे आणि कणखर. पण तडा गेला की फरक कळतो. नायलॉनचा दस्ता योग्य गोंदाने जोडता येतो. पॉलिप्रॉपिलिनवर तोच गोंद लावला, तर तो वाळतो आणि पापुद्र्यासारखा सुटून येतो. मग आपण म्हणतो, “गोंद कच्चा होता.” दोष खरोखर गोंदाचा असतो का? या प्रश्नाचे उत्तर शोधताना शास्त्रज्ञांना बराच काळ लागला.

लाकडाच्या बाबतीत उत्तर सोपे वाटत होते. लाकडात असंख्य सूक्ष्म छिद्रे असतात. गोंद त्यांत शिरतो, घट्ट होतो आणि आकड्यांसारखा अडकून बसतो. मॅकबेन आणि हॉपकिन्स यांनी १९२५ साली ही कल्पना व्यवस्थित मांडली. पण काच गुळगुळीत असते, तिच्यात छिद्रे नसतात, तरीही ती छान चिकटते. म्हणजे आकडे ही पूर्ण गोष्ट नव्हती.

दुसरा धागा थेंबाचा होता. पृष्ठभागावर ठेवलेला थेंब त्याच्याशी किती अंशांचा कोन करतो, याचा विचार टॉमस यंग यांनी १८०५ सालीच केला होता. वॉशिंग्टनच्या नौदल संशोधन प्रयोगशाळेत विल्यम झिस्मन यांनी १९५० पासून हा कोन निरनिराळ्या प्लॅस्टिकवर पद्धतशीरपणे मोजला. त्यातून प्रत्येक प्लॅस्टिकला एक आकडा मिळाला. ज्या द्रवाचा पृष्ठताण त्या आकड्याहून कमी, तो द्रव त्या प्लॅस्टिकवर पूर्ण पसरतो. ज्याचा जास्त, तो गोळा होऊन बसतो. डाइन प्रति सेंटिमीटर या एककात हे आकडे साधारण असे आहेत: नायलॉन ६६ साठी ४६, पॉलिएथिलीनसाठी ३१, टेफ्लॉनसाठी १८. पाण्याचा पृष्ठताण ७२ आहे. द्रव इपॉक्सीचा चाळिशीच्या घरात असतो. आता कोडे उलगडू लागते. इपॉक्सी नायलॉनवर बऱ्यापैकी पसरते, पॉलिएथिलीन किंवा त्याचा भाऊबंद पॉलिप्रॉपिलिन यांवर आकसते.

या फरकाचे मूळ रेणूंत आहे. नायलॉनच्या साखळीत ठरावीक अंतरावर ऑक्सिजन आणि नायट्रोजन असलेले गट येतात. गोंदाच्या रेणूंशी ते हायड्रोजन बंध जुळवू शकतात. पॉलिप्रॉपिलिनमध्ये नुसते कार्बन आणि हायड्रोजन. बंध जुळवायला हात पुढे करणारे तिथे कोणी नाही.

१९६४ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील शार्प आणि शोनहॉर्न यांनी एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध केला. घन पॉलिएथिलीनवर द्रव इपॉक्सी ओतून घट्ट होऊ दिली, तेव्हा जोड कमकुवत निघाला. मग त्यांनी क्रम उलटा केला. आधी घट्ट झालेल्या इपॉक्सीवर वितळलेले पॉलिएथिलीन पसरवले. जोड मजबूत! पदार्थ तेच दोन, फक्त कोण कोणावर पसरते ते बदलले. गोंद कच्चा असता, तर दोन्ही जोड कमकुवत व्हायला हवे होते.

पण वाद इथे मिटला नाही. जेकब बिकरमन यांचे म्हणणे वेगळे होते. पॉलिएथिलीनच्या पृष्ठभागावर लहान रेणूंचा आणि अशुद्धींचा एक दुबळा थर असतो. गोंद चिकटतो त्या थराला, आणि तुटतो तो थर. आश्चर्य म्हणजे या मताला बळ मिळाले ते शोनहॉर्न यांच्याच पुढच्या कामातून. १९६६ साली हॅन्सन आणि शोनहॉर्न यांनी विद्युत विसर्जनाने उत्तेजित केलेल्या निष्क्रिय वायूंचा मारा पॉलिएथिलीनवर केला. पृष्ठभागावरील साखळ्या एकमेकींना जोडल्या गेल्या. द्रव पसरण्याच्या गुणात फारसा फरक पडला नाही, तरी जोड मात्र मजबूत झाले. स्वतःच्या आधीच्या प्रयोगाची मर्यादा दाखवणारा निष्कर्ष त्यांनी दडवला नाही. आम्हांला विज्ञानाच्या इतिहासातील असे प्रसंग मोलाचे वाटतात. गोंद पसरणे आवश्यक आहे, पण पुरेसे नाही. खालचा थरही बळकट हवा.

आता दस्त्याकडे वळू. गोंद निवडण्याआधी तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला, प्लॅस्टिक कोणते? नायलॉन असेल तर इपॉक्सी चालते. पॉलिप्रॉपिलिन असेल तर आधी पृष्ठभाग बदलावा लागतो. उद्योगात त्यासाठी ज्योत क्षणभर फिरवतात किंवा विद्युत विसर्जन वापरतात. त्यामुळे पृष्ठभागावर ऑक्सिजनचे गट तयार होतात. बोरॉनची संयुगे असलेले खास ॲक्रिलिक गोंदही आता मिळतात. ते अशी तयारी न करताही पॉलिप्रॉपिलिनला धरतात.

दुसरा प्रश्न, पृष्ठभागावर काय आहे? बंदुकीला तेल लावतात. तेलाचा अदृश्य थर म्हणजे बिकरमन यांचा दुबळा थरच. नायलॉन हवेतील ओलावाही शोषून घेते.

तिसरा प्रश्न, जोडावर ताण कसा येणार? गोळी सुटताना दस्त्याला धक्का बसतो. क्षणात चिकटणारा सायनोॲक्रिलेट घट्ट झाल्यावर ठिसूळ असतो, म्हणून वारंवार धक्के बसणाऱ्या जागी तो बरा नाही. गंमत म्हणजे त्याचा जन्मही बंदुकीशीच जोडलेला आहे. १९४२ साली ईस्टमन कोडॅकमध्ये हॅरी कूव्हर यांचा गट बंदुकीच्या नेमदर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधत होता. सायनोॲक्रिलेट सगळ्यालाच चिकटते म्हणून त्यांनी ते बाजूला ठेवले. त्या ‘दोषाचा’ उपयोग १९५१ साली त्यांच्या लक्षात आला आणि १९५८ साली तो गोंद बाजारात आला.

वर्गात यासाठी बंदूक नको, ज्योतही नको. साबणाने धुऊन वाळवलेली काचपट्टी आणि पॉलिथिनची कोरी पिशवी घ्या. दोन्हींवर पाण्याचा एकेक थेंब ठेवून बाजूने पाहायला सांगा. मुलांना थेंबांचे आकार वहीत काढू द्या. मग दुधाची पिशवी दाखवून विचारा: हीसुद्धा पॉलिथिनचीच, मग हिच्यावरची शाई का पुसली जात नाही? छपाईपूर्वी तिच्या पृष्ठभागावर काहीतरी केले असणार, इथपर्यंत मुले स्वतःच पोचली, तर झिस्मन यांचे आकडे त्यांना पाठ करावे लागणार नाहीत.