वरातीतला ट्रम्पेट आणि मुंबईचा जॅझ

चिखली तालुक्यातल्या अमडापूरसारख्या गावात ज्यांचे बालपण गेले, त्यांना ‘जॅझ’ हा शब्द परका वाटेल; परंतु त्याचा ध्वनी परका नाही. लग्नाच्या वरातीत बँडवाले ‘अलबेला’मधल्या चाली वाजवीत आणि एरवी गंभीर असणारी वडीलधारी माणसे भगवानदादांच्या ढंगात दोन पावले टाकून घेत. त्या चालीतला ट्रम्पेट कुठून आला, हा प्रश्न तेव्हा कुणाला पडत नसे. प्रस्तुत लेखकालाही तो फार उशिरा पडला. त्याचे उत्तर शोधू लागल्यावर वाट मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात, तिथून गोव्यातल्या चर्चच्या शाळांत आणि पार शिकागोपर्यंत जाते.

1935 साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला वाद्यवृंद घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ हा ट्रम्पेटवादक आणि टेडी वेदरफर्ड हा पियानोवादक यांनी मुंबईत बस्तान बसवले. वेदरफर्डने विसाच्या दशकात शिकागो गाजवले होते. पुढे शांघाय, मुंबई असा प्रवास करत तो कलकत्त्यास गेला आणि 1945 साली तिथेच पटकीने वारला. स्वदेशात ज्यांना गोऱ्यांच्या शेजारी बसता येत नव्हते, ते कलावंत इथे साहेबांना, संस्थानिकांना आणि धनिक पारशांना नाचवीत होते. वसाहतीच्या राजधानीसारख्या शहरात वर्णाची उतरंड नव्हती असे मुळीच नाही. ती वेगळ्या तऱ्हेने रचलेली होती आणि त्या फटीत या वादकांना जागा मिळाली, एवढेच.

या वादकांकडून ज्यांनी विद्या उचलली ते प्रामुख्याने गोमंतकीय ख्रिस्ती होते. हा योगायोग नव्हे. पोर्तुगीज अमदानीत गोव्यातल्या चर्चला जोडलेल्या शाळांतून ‘मेस्त्री’ मुलांना स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकवीत. कागदावरचे पाश्चात्त्य स्वरलेखन पाहताक्षणी वाजवू शकणारी पिढ्यान् पिढ्यांची एक जमातच त्यातून घडली. रोजगार नसल्यामुळे ही मंडळी मुंबई गाठत, धोबीतलावच्या परिसरातल्या आपापल्या गावच्या ‘कुडां’त पथारी टाकत आणि संध्याकाळी काळा सूट चढवून हॉटेलांत वाजवायला जात. हळदोण्याचा आंतोनियो झेवियर वाझ हा त्यांच्यापैकीच. लुई आर्मस्ट्राँगला आदर्श मानणाऱ्या या ट्रम्पेटवादकाला मुंबई ‘चिक चॉकलेट’ या नावाने ओळखत असे.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. गोरे गिऱ्हाईक गेले. 1949 च्या दारूबंदी कायद्याने नृत्यगृहांचा कणाच मोडला. परंतु नेमक्या त्याच सुमारास हिंदी चित्रपटसृष्टीला मोठे वाद्यवृंद हवे होते. आपले संगीतकार पेटीवर चाल बांधत. ती चाल पन्नास वादकांत वाटायची, तिला स्वरसंवादाची चौकट द्यायची आणि मधल्या जागा भरायच्या, तर स्वरलेखन जाणणारा माणूस हवा. हे काम गोमंतकीय संयोजकांनी केले. लाहोरच्या हॉटेलात वाजवणारे सॅबेस्टियन डिसूझा फाळणीनंतर मुंबईत आले आणि शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाचे शिल्पकार ठरले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवले. 1977 च्या ‘अमर अकबर अँथनी’तले ते प्रसिद्ध नाव या गुरूचे आहे, हे कितीजणांना ठाऊक असते? त्यांनी 1958 साली सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात भारतीय रागसंगीत आणि पाश्चात्त्य सिंफनी यांचा मेळ घालणारा वाद्यवृंद उभा केला होता. आज लोकांच्या ओठी राहिले आहे ते अंड्यातून बाहेर पडणारे विनोदी पात्र.

मराठी वाचकाला या कथेतला सर्वांत जवळचा माणूस म्हणजे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, अर्थात सी. रामचंद्र. 1947 च्या ‘शहनाई’पासून त्यांनी पाश्चात्त्य ठेका राजरोस आणला, आणि 1951 च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट व त्याचा वाद्यवृंद थेट पडद्यावर अवतरला. नगर जिल्ह्यातला संगीतकार, मुंबईच्या गिरणी वस्तीतून वर आलेले भगवान पालव, हळदोण्याचा ट्रम्पेट आणि त्यामागे न्यू ऑर्लिन्स. आमच्या वरातीतली चाल इतक्या हातांतून आली होती.

इथे साहित्याच्या अभ्यासकाने थबकावे. कृतीचा कर्ता कोण, हा आपला नित्याचा प्रश्न. चाल एकाची, पण तिच्या मधल्या जागा, प्रतिस्वर, वाद्यांची निवड दुसऱ्याची. आणि श्रेयनामावलीत बहुधा पहिलाच. रेकॉर्डवर वादकांची नावे छापायची पद्धत नव्हती. ग्रेगरी बूथ यांनी या वादकांच्या मुलाखती घेऊन ‘बिहाइंड द कर्टन’ हे पुस्तक लिहिले (त्याआधीचे त्यांचे पुस्तक चक्क लग्नाच्या बँडवर आहे), आणि नरेश फर्नांडिस यांच्या ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ने हॉटेलांचा इतिहास मांडला. दोन्ही इंग्रजीत. ख्याल आणि नाट्यसंगीतावर ज्या भाषेत इतके रसाळ लेखन झाले, तिने आपल्याच राजधानीतल्या या संगीताकडे पाहिले ते बहुतेक ‘उडत्या चाली’ म्हणून नाक मुरडण्यापुरतेच. कोलटकरांसारखा ब्लूजची ओढ असलेला कवी हा अपवाद.

चर्चगेटच्या अस्टोरिया हॉटेलातल्या ‘व्हेनिस’मध्ये साठच्या दशकात मडगावचे ख्रिस पेरी आणि गायिका लॉर्ना यांनी जॅझ कोंकणीत आणला, मातृभाषेत गायलेला हा जॅझ, माझ्या मते, मुंबईची सर्वांत अस्सल निर्मिती. 1978 साली निरंजन झवेरी यांच्या पुढाकाराने ‘जॅझ यात्रा’ सुरू झाली आणि सॉनी रॉलिन्स मुंबईत वाजवून गेला. या यात्रेशी जोडले गेलेले धोबीतलावचे रंगभवन, म्हणजे कुडांपासून हाकेच्या अंतरावरचे खुले नाट्यगृह, पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे मुके झाले. ऐंशीच्या दशकापासून सिंथेसायझरने स्टुडिओतले पन्नास वादक घरी बसवले. लोअर परळच्या गिरणीच्या आवारात 2007 साली उघडलेला ‘ब्लू फ्रॉग’ 2016 मध्ये बंद झाला. आज एनसीपीएचा वार्षिक जॅझ महोत्सव आहे, लुई बँक्स आणि त्यांचे ड्रमवादक पुत्र जिनो यांच्या मैफली आहेत. ऐकणारे तिकीट काढून, खुर्चीत बसून, शांतपणे ऐकतात. नाचत कुणी नाही.

अमडापूरकडच्या वरातींत आता डीजे असतो. ‘अलबेला’ची चाल त्यावरही लागते, ट्रम्पेटही ऐकू येतो, पण गाल फुगवून तो वाजवणारा माणूस तिथे नसतो.